लॅमिंग्टन रोडवर पंचवीस हजारांत

मुंबई पाहायला आलेला पाहुणा राणीची बाग पाहतो, गेटवे पाहतो, चौपाटीवर भेळ खातो आणि परत जातो. लॅमिंग्टन रोड पाहायला मुद्दाम कोणी येत नाही. पण ज्या घरात मूल कॉलेजात जाते आणि ज्या घरात पैसा मोजून खर्च करावा लागतो, त्या घराने हा रस्ता एकदा तरी पायी फिरून पाहावा असे आम्हाला वाटते. येथे विकत घेण्यापेक्षा शिकण्यासारखेच जास्त आहे.

आम्ही राहतो अंबरनाथला. तेथून लोकलने दादर, मग पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची स्लो गाडी. प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल आणि त्यापुढचे ग्रँट रोड. स्टेशनच्या पूर्वेला उतरले की पाच-सात मिनिटांत आपण त्या रस्त्यावर असतो. रविवारी मात्र जाऊ नये, बहुतेक दुकाने बंद असतात. आम्ही सुट्टी टाकून २०२५ च्या नोव्हेंबरात एका मंगळवारी गेलो.

रस्त्याला दोन नावे आहेत. १९०३ ते १९०७ या काळात लॉर्ड लॅमिंग्टन मुंबई प्रांताचा गव्हर्नर होता, त्याच्यावरून पडलेले जुने नाव लोकांच्या तोंडी आहे. पाटीवरचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पोलीस ठाण्याला सगळे डी. बी. मार्ग म्हणतात ते त्यावरूनच. रिक्षा येथे चालत नाही आणि टॅक्सीवाल्याला 'भडकमकर मार्ग' सांगितले तर तो क्षणभर विचारात पडतो. 'लॅमिंग्टन' म्हटले की मान हलवतो.

आमच्या पिढीला हा रस्ता सिनेमाचा म्हणून ठाऊक. मिनर्व्हा येथलेच. १९७५ साली लागलेला 'शोले' तेथे पाच वर्षे चालला. नाझ येथलेच, त्याच्या इमारतीत चित्रपट वितरकांच्या कचेऱ्या असत. सिनेमाच्या जोडीने रेडिओचे सुटे भाग, लाऊडस्पीकर, तारा, व्हॉल्व्ह, मग ट्रान्झिस्टर, मग टीव्हीचे भाग विकणारी दुकाने वाढली. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर आपला माल येथूनच नेई. १९९० नंतर त्याच गाळ्यांत संगणकाचे भाग आले. त्या काळी कंपनीचा तयार संगणक सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हता. कॅबिनेट येथून, मदरबोर्ड तेथून, हार्ड डिस्क तिसरीकडून घ्यायची आणि कोणातरी ओळखीच्या मुलाकडून जोडून घ्यायचे, याला 'असेंबल्ड' म्हणत. पुढे २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली, वस्त्यावस्त्यांत संगणकाचे क्लास निघाले, आणि त्यांतली कितीतरी यंत्रे याच रस्त्यावरून टेम्पोत चढली असतील.

आम्ही का गेलो

आमच्या घरी शिकणारी दोघे. थोरली लेक संगणकाच्या पदविकेला दुसऱ्या वर्षाला, धाकटा अकरावी सायन्सला. घरात २०१८ साली घेतलेला एक सेकंड हँड संगणक. आय थ्री, चौथ्या पिढीचा, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. बटण दाबून चहा टाकावा, चहा प्यावा, तेव्हा कुठे तो तयार होई. तरी त्याने सात वर्षे काम दिले, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण दोन गोष्टी एकदम आल्या. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला सुरक्षेची मोफत दुरुस्ती देणे थांबवले. ज्यांनी नावनोंदणी केली त्या घरगुती वापराच्या संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची मुदतवाढ, एवढीच सवलत. विंडोज ११ घालावी तर ती साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवर चालते आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मागते. आमचा संगणक चौथ्या पिढीचा. दुसरी गोष्ट अशी की लेकीला मोबाइलचे अ‍ॅप करण्याचा प्रकल्प मिळाला. त्यासाठी लागणारा अँड्रॉइड स्टुडिओ किमान ८ जीबी रॅम मागतो, आणि नीट चालायला १६ हवी. आमच्याकडे ४.

पैसे होते पंचवीस हजार. लेकीची शिष्यवृत्ती, मुलांच्या आईची भिशी आणि दिवाळीचा बोनस मिळून झालेले. यापुढे कर्ज काढायचे नाही, हे निघण्यापूर्वीच ठरले होते.

रस्त्याने चालताना

लॅमिंग्टन रोडवर पहिले दर्शन दुकानांचे होत नाही, खोक्यांचे होते. हातगाडीवर मॉनिटरची खोकी, हमालाच्या डोक्यावर यूपीएसची खोकी. खालच्या मजल्यावर काचेची मोठी दुकाने, आणि दोन दुकानांच्या मधून एक अंधारा जिना वर जातो. वर अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना एका माणसाला बसण्यापुरते गाळे. एका गाळ्यात नुसत्या केबली. एकात नुसते लॅपटॉपचे कीबोर्ड, भिंतीला फाइलीसारखे लावलेले. एकात तरुण मुलगा भिंगाखाली मदरबोर्ड धरून डाग देत बसलेला. फुटपाथवर रिमोट, चार्जर आणि मोबाइलच्या काचा विकणारे.

काचेच्या दुकानात आम्ही आधी गेलो, कारण लेकीच्या मनात लॅपटॉप होता. तिच्या वर्गातल्या बहुतेक मुलींकडे आहे. तिने तोंडाने मागितला नव्हता, पण आईबापाला कळते. आय थ्री, ८ जीबी, ५१२ जीबीचा नवा लॅपटॉप दुकानदाराने छत्तीस हजारांना सांगितला. "काका, पैशाचं टेन्शन नका घेऊ. आज काहीच भरायचं नाही, बारा महिन्यांचे हप्ते करून देतो," असे म्हणून त्याने फॉर्मही पुढे केला.

लेक त्या लॅपटॉपच्या झाकणावरून हात फिरवत होती. आम्ही कागद वाचला. हप्ता तीन हजारांच्या वर, शिवाय प्रोसेसिंगचे वेगळे. ज्या महिन्यात ओव्हरटाइम मिळत नाही त्या महिन्यात हा हप्ता किराण्यातून जाणार, हे उघड होते. तेवढ्यात मुलांच्या आईने एकच प्रश्न विचारला. "ही लॅपटॉप घेऊन सकाळी कॉलेजात गेली की संध्याकाळपर्यंत हा काय करेल?" धाकटा खाली बघत होता.

लेकीने झाकण मिटले. "पप्पा, प्रकल्पाचं काम मी घरीच करते. कॉलेजात लॅब आहे," ती म्हणाली. आम्ही जिना चढून वर गेलो.

वरच्या मजल्यावरची शिकवणी

वर रिफर्बिश्ड संगणकांचे गाळे आहेत. हा शब्द वाचकांनी नीट समजून घ्यावा. बँका, मोठ्या कंपन्या, कॉल सेंटर दर तीन-पाच वर्षांनी आपले संगणक बदलतात. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर ही त्यांतली नेहमीची नावे. कचेरीतून निघालेला हा माल व्यापारी घाऊक उचलतात, साफ करतात, तपासतात, बिघडलेला भाग बदलतात आणि थोड्या मुदतीची वॉरंटी देऊन विकतात. नुसते सेकंड हँड म्हणजे जसे आहे तसे, तर रिफर्बिश्डमध्ये तपासणी आणि हमी असली पाहिजे. असली पाहिजे, असे आम्ही म्हणतो, कारण शब्द पाटीवर लिहिणे सोपे असते.

पहिल्याच गाळ्यात तसा अनुभव आला. "आय फाइव्ह आहे, एकदम टॉप," असे सांगून एक संगणक दहा हजारांना दाखवला. लेकीने तो चालू करायला सांगितला आणि माहितीच्या पानावरचा क्रमांक वाचला. आकडा चारने सुरू होत होता. म्हणजे आय फाइव्ह खरा, पण चौथ्या पिढीचा, आमच्या घरच्याच वयाचा.

हे गणित सोपे आहे आणि प्रत्येक पालकाला यावे. आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन हा दर्जा झाला. पिढी कळते त्यापुढच्या आकड्यावरून. ६५०० म्हणजे सहावी पिढी, ८५०० म्हणजे आठवी, १०४०० म्हणजे दहावी. इंटेलची आठवी पिढी २०१७ साली बाजारात येऊ लागली. म्हणून जुना आय सेव्हन घेण्यापेक्षा नव्या पिढीचा आय थ्री बरेचदा शहाणपणाचा ठरतो. विक्रेता दर्जा मोठ्याने सांगतो आणि पिढी हळू सांगतो, तेव्हा आकडा आपणच वाचावा.

तिसऱ्या गाळ्यात एक वयस्क गृहस्थ होते. रेडिओच्या दुकानात उमेदवारी करून या धंद्यात आलेले. त्यांनी माल दाखवण्याआधी विचारले, "ताई, करणार काय याच्यावर?" लेकीने सांगितले. त्यांनी धाकट्यालाही विचारले. मग म्हणाले, "तुमचा जुना टाकू नका. त्याचं दुखणं हार्ड डिस्कचं आहे."

ते त्यांनी समजावून सांगितले. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक दांडी जागा शोधत तिच्यावर सरकते. प्रत्येक लहानसहान फायलीसाठी ती दांडी जागेवर येईपर्यंत बाकी सगळे थांबून राहते. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही, सगळे चिपमध्ये. त्यामुळे प्रोसेसर तोच ठेवून नुसती डिस्क बदलली तरी संगणक जागा झाल्यासारखा वाटतो. आमच्या संगणकाला बसेल अशी २४० जीबीची एसएसडी एकोणीसशे रुपयांना होती. विंडोज ११ त्यावर चालणार नाही, पण लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली चालेल. तिच्यात इंटरनेट, व्हिडिओ, लिबरऑफिस आणि मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कळफलक सगळे आहे. अकरावीच्या मुलाला एवढे पुष्कळ झाले.

लेकीसाठी त्यांनी आठव्या पिढीच्या आय फाइव्हचा, कचेरीतला लहान आकाराचा संगणक काढला. जाड शब्दकोशापेक्षा थोडा मोठा. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, तेरा हजार आठशे. वर आणखी ८ जीबीची रॅमची पट्टी सदतीसशे. पट्टीचा भाव ऐकून आम्ही चमकलो, कारण उन्हाळ्यात चौकशी केली होती तेव्हा तो याच्या निम्म्याच्या आसपास होता. गृहस्थ म्हणाले, "सगळे कारखाने एआयच्या मोठ्या मशीनसाठी रॅम बनवतायत. आपल्यासारख्यांना उरलंसुरलं." ते खरेच आहे. २०२५ च्या अखेरीस जगभर रॅमचे भाव असेच भराभर चढले. कुठल्या देशातल्या कुठल्या कंपनीचा निर्णय, आणि त्याची झळ अंबरनाथच्या एका विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीला.

१६ जीबी आजच घ्यावी की ८ वर भागवावे, यावर आमचे बोळातच बोलणे झाले. लेक म्हणाली, "मोबाइल केबलने जोडला तर अ‍ॅप त्याच्यावरच चालवून बघता येतं. संगणकात खोटा मोबाइल चालवायला लागत नाही, तेवढी रॅम वाचते." म्हणजे ८ वर ओढाताण करून जमले असते. पण पदविकेचे आणखी दीड वर्ष बाकी, आणि भाव उतरण्याची चिन्हे नव्हती. पट्टी घेतली.

तपासून घेणे

पैसे देण्याआधी लेकीने अर्धा तास त्या संगणकाची परीक्षा घेतली आणि त्या गृहस्थांनी हसत घेऊ दिली. जो दुकानदार हे करू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये. तिने पाहिले ते असे.

प्रोसेसरचा क्रमांक आणि रॅमचा आकडा पडद्यावर वाचला, चिठ्ठीवर नव्हे. डिस्कचे आरोग्य दाखवणारा छोटा प्रोग्राम चालवून ती किती तास वापरली गेली ते पाहिले. प्रत्येक यूएसबीच्या खाचेत पेनड्राइव्ह घालून पाहिला. विंडोज अधिकृत आहे की चोरीची, ते सेटिंगमध्ये पाहिले. कचेरीतल्या संगणकाला आधीच्या मालकाचा बायोसचा पासवर्ड राहिलेला नाही याची खात्री केली, कारण तो राहिला तर पुढे विंडोज बदलणे कठीण होते. एक लांबलचक व्हिडिओ चालू ठेवून पंखा किती ओरडतो ते ऐकले.

तेव्हाच दोन अडचणी कळल्या. या संगणकाला वाय-फाय नव्हते, कचेरीत तारेनेच इंटरनेट असते म्हणून. आणि आमच्या जुन्या मॉनिटरची वायर व्हीजीएची, तर याला डिस्प्लेपोर्टची खाच. दोन्हींवर उपाय स्वस्त असतो, पण घरी जाऊन कळले असते तर पुन्हा अंबरनाथ ते ग्रँट रोड करावे लागले असते. म्हणून जाताना आपल्या मॉनिटरच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये न्यावा.

हिशोब वाचकांसाठी देतो. संगणक तेरा हजार आठशे, रॅम सदतीसशे, वाय-फायचा डोंगल साडेचारशे, मॉनिटरचा कन्व्हर्टर चारशे. झाले १८,३५०. जुन्या संगणकासाठी एसएसडी एकोणीसशे, म्हणजे २०,२५०. धाकट्यासाठी १९ इंची जुना मॉनिटर अठराशे, म्हणजे २२,०५०. आमच्याकडे वीज जाते-येते, म्हणून यूपीएस एकोणतीसशे. एकूण २४,९५०. पक्के बिल घेतले, त्यावर संगणकाचा सिरीयल नंबर आणि सहा महिन्यांची वॉरंटी लिहून घेतली. उरलेल्या पन्नासात चौघांचा चहा झाला.

लॅपटॉप वाईट असे आम्ही म्हणत नाही. ज्या मुलाला वसतिगृहात राहायचे आहे, ज्याचे कॉलेज दूर आहे, त्याने लॅपटॉपच घ्यावा, रिफर्बिश्डमध्ये तोही वीस-बावीस हजारांत आम्हाला दिसला. फक्त त्याची बॅटरी किती तास टिकते ते दुकानात प्लग काढून पाहावे. आणि ज्याला ग्राफिक्सचे किंवा खेळांचे मोठे काम करायचे आहे, त्याने कचेरीतला लहान संगणक घेऊ नये. त्याचा वीजपुरवठा लहान आणि डबाही लहान असतो, मोठे ग्राफिक्स कार्ड त्यात बसत नाही. सर्वांना एक उत्तर नाही. आधी काम ठरवावे, मग पिढी पाहावी, मग भाव विचारावा. आपल्याकडे बहुधा भाव आधी विचारला जातो.

आज लेकीचा संगणक कपाटाशेजारच्या फळीवर आहे. जुना टॉवर शिलाई मशीनच्या टेबलाखाली आहे आणि त्याचा मॉनिटर मशीनवर. मुलांच्या आईला शिवायला बसायचे असले की धाकट्याला मॉनिटर उचलून खाटेवर ठेवावा लागतो, त्यावरून रोज थोडी कुरबुर होते. मिंट त्याने स्वतः घातली. सरकारी टंकलेखनाची परीक्षा हल्ली संगणकावरच होते, तिच्यासाठी तो मराठीचा सराव करतो. शेजारच्या दोन मुली संध्याकाळी त्याच्याकडे शिकायला येतात.

वस्तीत कोणाला संगणक घ्यायचा असेल तर एकट्याने जाऊ नये. घरातल्या शिकणाऱ्या मुलाला, आणि विशेषतः मुलीला, बरोबर न्यावे व प्रश्न तिलाच विचारू द्यावेत. जुना संगणक भंगारात देण्याआधी एकदा त्याची डिस्क बदलून पाहावी. तो घरात नको असेल तर वस्तीच्या अभ्यासिकेत द्यावा, तेथे त्याच्यापुढे बसणारे मूल नक्की मिळेल.